दुसऱ्याच्या होडीत न्यायची पिशवी

पिशवी भरायचे मी आणि तपासायचे दादा, म्हणजे माझे वडील. दर शनिवारी दुपारची जेवणं उरकली की बाहेरच्या खोलीत चटईवर ती खाकी कॅनव्हासची पिशवी यायची आणि धाकट्या भावंडांना बाहेर हाकललं जायचं. देवळाली कॅम्पात लष्कराचं जुनं सामान विकायचे, तिथून दादांनी ती कधीतरी घेतलेली. तिला कणकेचा, लसणाचा, हिंगाचा आणि माशाचा मिळून असा काही वास यायचा की आई ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. उजव्या अंगाला आमिषाच्या कणकेचा डबा, झाकण वर. डाव्या कप्प्यात गळ, तेही सुटे नाहीत, जुन्या रबरी चपलेच्या तळव्यात ओळीनं टोचलेले, मोठ्यापासून लहानापर्यंत. मधे तंगुसाची नायलॉनची दोरी गुंडाळलेल्या लाकडी फिरक्या. जाड दोरीच्या फिरकीला एक खाच, बारीकच्या फिरकीला दोन. शिशाचे गोळे तंबाखूच्या डबीत. आणि आतल्या चोरकप्प्यात हात पुसायचं फडकं, बास, तिथं दुसरं काहीही नाही. माझं भरून झालं की दादा मांडी घालून बसायचे आणि एकेका वस्तूवर हात ठेवून बघायचे. डबा बोटभर जरी सरकलेला असला तरी, "कुसे, हे काय? झोपेत भरलीस काय?" की पुन्हा सगळं बाहेर. वैताग नुसता! तेव्हा मी कॉलेजात नुकतीच गेलेली, दुपारी टायपिंगचा क्लास, घरात आईचा दमा, पाण्याची रांग, भाकऱ्या, आणि वर ही पिशवी. आताही कुणी मला सामान भरायला बोलावलं तर मी सरळ सांगते, माझं भरून झालंय या जन्मीचं.

पण दादा उगाच कटकट करत नव्हते. त्यांना दिसत नव्हतं. अगदी काळोख नव्हता. उजेड कळायचा, दारात माणूस उभा राहिला की सावली कळायची, पण समोरच्या ताटात भाजी कुठे आणि भाकरी कुठे ते हातानं चाचपावं लागायचं. सातपूरला कारखान्यात लेथवर होते, तिथून त्यांना सुटावं लागलं. शेजारीपाजारी समजायचे मोतीबिंदू आहे, एकदा ऑपरेशन झालं की होईल ठीक. आम्हीही सगळ्यांना, अगदी नातेवाइकांनाही, तसंच सांगायचो. खरं तर तो काचबिंदू होता, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जे गेलंय ते परत यायचं नाही. कारखाना गेला, सायकल गेली, वर्तमानपत्र गेलं. विहारात वंदनेला जायचे तेही माझ्या भावाचा खांदा धरून. उरला होता फक्त रविवार. रविवारी गंगापूरच्या धरणावर निवृत्तीमामांच्या होडीत बसून गळ टाकायचा, एवढीच एक गोष्ट ते अजून पूर्वीसारखी करत होते. आणि निवृत्तीमामांना डोळ्यांचं कळलं तर तीही जाणार होती. म्हणून आम्हाला सगळ्यांना तंबी होती की धरणावर यातलं अक्षर काढायचं नाही.

निवृत्तीमामा भोई. आठवडाभर जाळी टाकायचे, रविवारी तेवढे मोकळे, तेव्हा दादांना बरोबर घ्यायचे. कशी कोण जाणे जुनी मैत्री होती. पण होडीवर त्यांचा कायदा चालायचा. पाहुण्याचं सामान पाहुण्याच्या दोन पायांत, इकडे तिकडे पसरायचं नाही. कुणी कुणाच्या गळाला हात लावायचा नाही. आणि ज्याला स्वतःचं स्वतः करता येत नाही त्यानं काठावर बसायचं. आधीच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या होडीतून एक दारू प्यालेला पाहुणा पाण्यात गेला आणि सापडला तो तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून सगळेच होडीवाले कडक झाले होते. भाडं वगैरे काही नसायचं. पाहुण्यानं दोघांचं जेवण न्यायचं, झालं. आई दम लागत असतानाही शनिवारी रात्रीच ठेचा वाटून ठेवायची, पहाटे भाकऱ्या, कांदा, कधी सुकटाची चटणी. निवृत्तीमामा आमच्या घरची भाकरी नाव घेऊन वाखाणायचे. "वैनीच्या हाताला लय चव हाय," म्हणायचे. आम्हाला त्याचं किती अप्रूप होतं ते आज कुणाला सांगून कळायचं नाही. गावाकडे आमच्या हातचं पाणी न घेणारी माणसं आईनं उभा जन्म पाहिलेली.

दादांना एकटं सोडणं शक्य नव्हतं, म्हणून पोरीला मासेमारीची हौस आलीय असं सांगून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. हौस कसली डोंबलाची! सायकल मी चालवायचे आणि दादा मागे कॅरिअरवर. धरणाचं वळण आलं की ते उतरायचे आणि सायकलचं हँडल स्वतः धरायचे. दुसऱ्या बाजूनं हँडलला माझा हात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाप सायकल ढकलतोय आणि लाडकी लेक चिकटून चाललीय. होडीत मी पुढे, दादा मधे, निवृत्तीमामा मागे वल्हं घेऊन. मला दादांचं तोंड दिसायचं, मामांना नुसती पाठ. मी सारखी बोलत राहायचे. "दादा, डावीकडं तो बगळा बघा किती जवळ आलाय," म्हणजे डावीकडे काठ जवळ आहे. "अगं बाई, केवढं शेवाळ," म्हणजे इथे दोरी टाकू नका. निवृत्तीमामांनी माझं नाव रेडिओ ठेवलं होतं. "दादा, ह्या रेडिओची बॅटरी कधी उतरंल का नाय?" दादा हसायचे. पूर्वी ते मोरपिसाच्या देठाचा तरंगा लावून मासा धरायचे, आता तरंगा दिसत नव्हता, म्हणून नुसतीच दोरी तळाला सोडून बोटावर धरायला लागले. मामांना सांगितलं की मोठा मासा तळालाच असतो. बोटावर त्यांना असं कळायचं की काय सांगू! मासा नुसता हुंगून गेला तरी म्हणायचे, "आला होता. गेला." त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे यायचं ते घरी आठवडाभर दिसत नसे. मी मात्र रविवारी संध्याकाळी परत येईपर्यंत इतकी थकलेली असायचे की घरच्यांशी बोलायला तोंडात शब्द उरलेला नसायचा. सोमवारी कॉलेजात बाकावर डोकं टेकायची सवय तेव्हाची.

अशातच मनमाडहून आक्का आत्या आली. दादांची थोरली बहीण. नवरा रेल्वेत, राहायला क्वार्टर, आणि क्वार्टर कसलं, जमिनीवर सांडलेला भात उचलून खावा असं. आत्याला स्वच्छतेचं वेडच होतं. आली की आधी आमची मोरी घासायची, मग पातेल्यांची बुडं, मग आम्हा पोरींच्या वेण्या. आई कुरकुरायची, पण दम्यापुढे तिचं काही चालत नसे. आत्या लहानपणी विंचूरकडच्या एका खेड्यात शाळेत जायची, तिथे एका बाईनं तिला चारचौघींत म्हटलं होतं, "लांब बस गं, तुमच्या अंगाला वास येतो." आत्या हे सांगताना रडायची नाही, हातातलं काम जोरजोरात करायला लागायची. घासणी चालली असेल तर पातेल्याला भोक पडेल असं वाटायचं. आमच्या माणसानं कुणाच्याही दारात जाताना नखाएवढीसुद्धा घाण अंगावर नेता कामा नये, हा तिचा धर्मच होता म्हणा ना. पंचशील तिला पाठ होतं, पण तिचं सहावं शील साबण होतं.

शुक्रवारी ती आली. शनिवारी दुपारी जेवणं झाली, मी पिशवी भरली, दादांनी तपासली आणि खुंटीला लावली. आत्या सुपारी कातरत बघत होती. "आणि हा होडीवाला आपल्या घरचं खातो म्हणतोस?" तिनं विचारलं.

"खातो की. मागून घेऊन खातो," दादा म्हणाले.

"आपल्याच डब्यातलं?"

"एकाच फडक्यावर बसतो आम्ही, आक्का."

आत्याचा अडकित्ता सुपारीवर थांबला. नंतर दादा आडवे झाले, मी क्लासला गेले, आई औषध घेऊन पडली. परत आले तेव्हा पिशवी खुंटीला होती तशीच होती. घरात साबणाचा वास दरवळत होता, पण आत्या आल्यावर घराला साबणाचाच वास यायचा, त्यात मला नवल ते काय वाटणार? रात्री जेवताना ती फार खुशीत होती. दादांच्या पानात स्वतःच्या पानातला मटणाचा तुकडा टाकला आणि म्हणाली, "खा रे रंगनाथ, किती वाळलास."

पहाटे दादांनी खुंटीवरची पिशवी स्वतः काढून खांद्याला लावली. रस्त्यात एकदा म्हणाले, "आज हिचा वास येत नाही गं." मी पाय मारत होते, चढ होता, धाप लागलेली. म्हटलं, "आत्याच्या शेजारच्या खुंटीला होती, सगळ्यालाच साबण लागलाय." तेही हसले. पाण्यावर पोचलो तेव्हा छान गारवा होता. मामांनी होडी सोडली, नेहमीच्या जागी आणली, वल्हं आडवं ठेवलं. दादांनी पिशवी पायांत घेतली आणि उजवीकडे हात घातला. डबा नव्हता. त्यांचा हात थांबला. मग डावीकडे गेला, तर तिथे हाताला डबा लागला. मी समोर. दादांनी डबा काढून मांडीवर ठेवला, जसं काही झालंच नाही, आणि फिरक्या चाचपायला लागले. फिरक्याही उलट्यापालट्या. जाड कुठली, बारीक कुठली, खाच शोधत बोटं फिरतायत, फिरतायत. मी बडबड सुरू केली, बगळा, पाणकावळा, पलीकडच्या काठावरच्या म्हशी, तोंडाला येईल ते. पण मला गळ कुठे आहेत ते दिसत नव्हतं, मग सांगणार काय? गळ सापडेनात तोवर दादांनी डबा उघडून कणीक मळली, हात चिकट झाले म्हणून सवयीनं चोरकप्प्यात फडक्यासाठी हात खुपसला, चांगला खोलवर, आणि त्यांचं तोंड एकदम पांढरं पडलं.

आदल्या दुपारी घरी काय घडलं ते मला नंतर जुळवता आलं. आत्यानं पिशवी उघडली आणि बघते तर काय, ज्या पिशवीवर भाकरीचं गाठोडं बांधून जायचं तिच्यात चप्पल! जुनी, फाटकी, पायातली चप्पल! तिच्या जिवाचं काय झालं असेल, तुम्हीच विचार करा. त्या होडीवाल्यानं, ज्यानं आमच्या हातचं खाल्लं त्या देवमाणसानं, ही पिशवी पाहिली तर काय म्हणेल? तिनं चप्पल उचलून उकिरड्यावर फेकली. गळ एकेक काढून रॉकेलनं पुसले, लखलखीत केले, पांढऱ्याशुभ्र फडक्यात त्यांची पुरचुंडी बांधली आणि कुणाला टोचू नयेत म्हणून आतल्या चोरकप्प्यात ठेवली. पिशवी घासून घासून धुतली, उन्हात वाळवली आणि सगळं परत भरून ठेवलं, घरात आपण कपाट लावतो तसं नीटनेटकं. दादा झोपेतून उठायच्या आत.

"काय झालं दादा?" मागून मामांनी विचारलं.

"काही नाही." दादांनी हात बाहेरच काढला नाही. ओढला तर गळ मांस घेऊन येतो, ते त्यांना ठाऊक होतं. पण कॅनव्हासवर लाल डाग पसरायला लागला आणि मी ओरडले. मामा वल्हं टाकून पुढे आले, होडी हेलकावली. त्यांनी दादांचा हात धरून पुरचुंडीसकट बाहेर काढला. तळव्यात दोन गळ गेले होते. दुसऱ्याच्या गळाला हात न लावणारा तो माणूस, त्यानं आपली पकड काढली, गळाचं टोक पुढे दाबून कातडीतून बाहेर काढलं, तोडलं, मग मागचं ओढलं. दोन वेळा. मामा काम करत होते आणि मधेच थांबून दादांच्या डोळ्यांकडे बघत होते. पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत असावेत.

"पिशवीत बघून हात घालायचा ना दादा," ते हळूच म्हणाले. "दिसत नाय ना तुमाला?"

मी बोलायला गेले तर दादांनी मला चांगल्या हातानं गप्प केलं. "दिसत नाही रे निवृत्ती," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले."

मामांनी होडी वळवली. काठावर आंब्याखाली बसलो. गाठोडं सोडलं तेही मामांनीच, भाकरीही मोडून त्यांनीच दादांच्या डाव्या हातात दिली. स्वतः जेवले, ठेचा मागून घेतला, वैनीच्या हाताची चव वाखाणली, सगळं नेहमीसारखं. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं. हात धुऊन झाल्यावर म्हणाले, "दादा, राग धरू नका. तुमी काठावर या, रोज या, मी इथं बसून गप्पा मारीन. पण होडीत नाय. तुमाला काय झालं तर मी वैनीफुडं कोणत्या तोंडानं उभा राहू?"

"बरोबर आहे तुझं," दादा म्हणाले. त्यांनी विनवणी केली नाही. मीच केली, रडूनभेकून केली, मी बरोबर असते ना म्हणाले, यापुढे पिशवीला कुलूप लावीन म्हणाले. मामा पाण्याकडे बघत राहिले. आणि रडता रडताच, खरं सांगते, माझ्या आत कुठेतरी हुश्श झालं. आता बडबड नको, ढकलणं नको, शनिवारची ती चटई नको. मला रविवारी झोपता येणार होतं. बापाचं सगळं संपलं त्या घटकेला मला झोप आठवली, इतकी मी थकले होते. या वयात मला त्याची लाज वाटत नाही. त्या पोरीची दयाच येते.

परतताना उतार होता तरी सायकल जड लागत होती. मला हळूहळू राग चढत गेला. "आज मी आत्याला सोडणार नाही," मी म्हटलं. "कुणी सांगितला होता हा शहाणपणा? विचारायचं तरी! चांगलं सुनावणार आहे तिला."

"खबरदार," दादा मागून म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते कारखाना सुटल्यापासून बोलले नव्हते. मी ब्रेक लावला. रस्त्याच्या कडेला दोघं उतरलो. "कुसे, तिनं काय केलं ते तुला कळलं का? मनमाडहून आली, घरभर राबली, आणि माझं नाव राहावं म्हणून उन्हात बसून ती पिशवी घासली तिनं. तिला हे कळलं तर ती मनमाडला जाऊन अन्न घ्यायची नाही. शब्द काढलास तर माझ्याशी बोलू नकोस." त्यांचे डोळे भरले होते. डोळ्यातलं पाणी तेवढं काचबिंदूनं नेलं नव्हतं. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आत्या ओट्यावर उभीच होती. आम्हाला लवकर आलेलं बघून पुढे आली. दादांच्या हाताला बांधलेलं फडकं दिसताच, "अगं बाई, हे काय रे?" म्हणाली.

"गळ लागला. चालायचंच," दादा म्हणाले आणि ओट्याची कड चाचपून बसले.

आत्यानं हळद आणली, हात उलगडून भरली, पुन्हा बांधला. मग जरा घुटमळली. लहान मुलीसारखी पदराचं टोक पिळत राहिली. "काय रे रंगनाथ, तो होडीवाला काही बोलला का? पिशवीबद्दल?"



"बोलला ना!" दादा म्हणाले. "म्हणाला, दादा, एवढी स्वच्छ पिशवी अख्ख्या धरणावर कुणाची नाही. कुणी धुतली म्हणून खोदून खोदून विचारत होता. मी सांगितलं, मनमाडला माझी बहीण असते."

आत्याचं तोंड असं फुललं की मला बघवेना, मी पाणी भरायचं निमित्त करून आत गेले. त्यानंतर दादा धरणावर गेले नाहीत, काठावरसुद्धा नाही. आत्याला सांगितलं की ऑपरेशन होईपर्यंत डॉक्टरांनी पाण्याजवळ जायला बंदी केलीय. आई आणि मी मान डोलवायचो. पुढे दादा होते तितकी वर्षं आत्या मनमाडहून आली की पहिल्याच दिवशी खुंटीवरची ती पिशवी काढायची आणि मोरीत नेऊन घासायची. कुठेही न गेलेली, कशानंही न मळलेली. दादा ओट्यावर उन्हात बसून आवाज ऐकत राहायचे आणि मग हाक मारून विचारायचे, "आक्का, निघाली का गं स्वच्छ?"

"आरशासारखी निघालीय रे! बघ तूच," म्हणत आत्या ओली पिशवी त्यांच्या हातात द्यायची. आणि दादा ती दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरायचे, उलटीपालटी करून बराच वेळ बघायचे, आणि म्हणायचे, "वा! डाग म्हणून नाही कुठे."